समुद्रावर केव्हा जावे?

१. प्रश्नाला उलट प्रश्न

चार दिवस विश्रांती घ्यावी म्हणून कोकणात उतरलेला घाटावरचा पाहुणा, हातातली पिशवी खाली ठेवून पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याच्या आधी यजमानांना जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा एकच असतो : समुद्रावर किती वाजता जायचे? देवळाची काकडआरती, मामलेदार कचेरी, एस. टी. ची शेवटची गाडी, या सर्वांच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा समुद्राचीही अशी एखादी वेळ असणारच, असा त्या प्रश्नामागचा समज असतो. हा समज खरा आहे. समुद्राचीही वेळ ठरलेलीच असते. मात्र ती आपल्या मनगटावरच्या घड्याळात ठरलेली नसते.

फाल्गुन वद्य द्वितीयेच्या दुपारी, शिमग्याच्या पालख्या अजून घरोघर फिरत असताना, श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर येथे मी हाच प्रश्न केला, तेव्हा ओटीवर रोठा सुपाऱ्या सोलत बसलेल्या वृद्ध यजमानांनी मान वर न करता विचारले, "आज तिथी कोणती?"

मला ती ठाऊक नव्हती. आजोबांनी सुपारीचे साल बाजूला टाकले. "द्वितीया आहे. म्हणजे भरती दीडची. आत्ता जाल तर उभे राहायला वाळू मिळायची नाही. जेवा, डोळा लागला तर लागू द्या, आणि साडेचार-पाचला उतरा."

शहरी माणसाला असा सल्ला ऐकवत नाही. मी लगेच गेलो, आणि सुरूंच्या मुळांपासून पाच-सहा पावलांवर पाणी फेसाळत असलेले पाहून परत आलो. पाच वाजता त्याच जागी पुन्हा उभा राहिलो, तेव्हा पाणी इतके दूर गेले होते की लाटांचा आवाजही मागे पडल्यासारखा वाटला, आणि मधल्या ओल्या पटांगणावर गावातली पोरे स्टंप रोवून क्रिकेट खेळत होती. ज्या पाण्याने मला दुपारी परत पाठवले, ते गेले कोठे आणि का गेले, हे समजून घेतल्यावाचून किनाऱ्यावरची भटकंती काय, तिथले पशुपक्षी काय, नीट दिसत नाहीत. म्हणून आधी तेवढे गणित करू आणि मग पायात चपला घालू.

२. दुअमली मुलूख

जंजिऱ्याचा सिद्दी आणि मराठे यांच्या झगड्याच्या काळात या टापूतील काही महालांवर दोघांचाही अंमल चालत असे, आणि वसुलात दोघांचाही वाटा असे. अशा व्यवस्थेला दुअमल म्हणत. भरतीच्या पाण्याची वरची रेघ आणि ओहोटीच्या पाण्याची खालची रेघ यांच्यामधला जो पट्टा, तो असाच दुअमली मुलूख होय. दिवसातून दोनदा त्यावर समुद्राचा अंमल बसतो आणि दोनदा उठतो. येथे राहणाऱ्या जिवाला सहा तास माशाप्रमाणे आणि सहा तास जमिनीवरच्या प्राण्याप्रमाणे जगावे लागते. ऊन, लाटांचा मार, खारटपणा, शत्रूपक्षी, सगळेच येथे वाट्याला येते. तरीही येथे जेवढी दाटी आढळते, तेवढी वरच्या कोरड्या वाळूत आढळत नाही, कारण प्रत्येक भरती अन्नाचे नवे ताट वाढून जाते.

या मुलखाची वरची हद्द पाहायची असेल तर महसुली नकाशा नको. कोरड्या वाळूवर जांभळ्या फुलांची आणि आपट्याच्या पानासारख्या दुभंगलेल्या पानांची एक वेल पसरलेली असते. नेहमीच्या भरतीचे पाणी जेथे थांबते, त्याच्या वरच्या अंगाला ती वाढते. आपल्या लोकांनी तिला मर्यादवेल म्हटले आहे. वनस्पतीचे नाव इतके नेमके ठेवल्याची उदाहरणे मला फार आठवत नाहीत.

३. पाणी चढते ते का?

चंद्र समुद्राला ओढतो म्हणून भरती येते, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. पण चंद्र पृथ्वीच्या एका बाजूस असतो, मग भरती दिवसातून दोनदा का, ही शंका घेणारा विद्यार्थी वर्गात एखादाच निघतो, आणि त्याला बहुधा खाली बसवले जाते.

तीन मुले एकामागे एक, सारखे अंतर ठेवून पळत आहेत असे समजा. पुढच्याचा वेग सर्वांत जास्त, मधल्याचा त्याहून किंचित कमी आणि शेवटच्याचा आणखी कमी आहे. थोड्या वेळाने पाहिले, तर मधल्यापासून पुढचा दूर गेलेला दिसेल, आणि मधल्यापासून मागचाही दूर पडलेला दिसेल. मागच्याला कोणी मागे ओढलेले नाही. तो पुढे जाण्यात कमी पडला, इतकेच. चंद्राच्या बाजूचे पाणी हा पुढचा मुलगा, पृथ्वीचा गोळा हा मधला, आणि पलीकडच्या बाजूचे पाणी हा शेवटचा. ओढ अंतराबरोबर कमी होत जाते, म्हणून चंद्रासमोरचे पाणी पृथ्वीपुढे फुगते, आणि पाठीमागचे पाणी पृथ्वीच्या मागे राहून फुगते. फुगवटे दोन, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्हींखालून जातो. म्हणून भरत्याही दोन. खऱ्या समुद्रात जमिनीचे अडथळे आणि तळाचे चढउतार मध्ये येतात, त्यामुळे प्रकार याहून बराच गुंतागुंतीचा होतो. पण आपल्या कामापुरते एवढे पुरे आहे.

४. तिथीची पाऊणकी

आता घड्याळाकडे वळू. बारा वाजता तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांवर असतात. मिनिटकाटा पूर्ण फेरा करून एक तासाने पुन्हा बारावर येतो, तेव्हा तासकाटा तेथे असतो का? नाही; तो एकवर सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला मिनिटकाट्याला आणखी सुमारे साडेपाच मिनिटे धावावे लागते. पृथ्वी आणि चंद्र यांचे नेमके असेच आहे. आपला किनारा चोवीस तासांत एक फेरा करतो, तोवर चंद्र आपल्या वाटेने पुढे गेलेला असतो, आणि त्याला गाठायला किनाऱ्याला रोज थोडा जादा वेळ लागतो.

हा जादा वेळ किती? येथे पंचांगाची खरी गंमत आहे. तिथी म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक लोक चंद्राची कला असे उत्तर देतील. पण ज्योतिषशास्त्राच्या हिशेबात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला जो काळ लागतो, ती एक तिथी. पृथ्वीला ३६० अंश फिरायला २४ तास लागतात, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. मग १२ अंशांना १२ गुणिले ४, म्हणजे ४८ मिनिटे. घटका २४ मिनिटांची असते, तेव्हा हे झाले बरोबर दोन घटका. दर तिथीस भरती दोन घटका पुढे जाते, हे सत्य पंचांगाच्या व्याख्येतच दडलेले आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडी हिशेब करावयाचा असल्यामुळे त्याने ४८ मिनिटांचा पाऊण तास केला आणि नियम बांधला : तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया म्हणजे दोन पाऊणके दीड, भरती दीडची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. तीच वेळ दिवसा आणि तीच, काही मिनिटांच्या फरकाने, रात्री. पूर्ण ओहोटी हवी असेल तर भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवावेत किंवा त्यातून वजा करावेत.

या नियमात एक खोट आहे, आणि ती सांगितली पाहिजे. पाऊण तासात दर तिथीला ३ मिनिटे खाल्ली जातात. एकादशीपर्यंत ही चोरी ३३ मिनिटांची होते, आणि पौर्णिमेला १५ पाऊणके सव्वाअकरा येतात, जेथे वास्तविक बाराच्या सुमारास यावयास हवे. म्हणून पंधरवड्याच्या उत्तरार्धात हिशेबात अर्धा तास पुढे धरावा. शिवाय हा नियम मुंबईपासून कोकणच्या किनाऱ्यापुरता आहे. खंबायतच्या आखातासारख्या चिंचोळ्या जागी पाणी आत शिरायलाच तास लागतात, तेथे ही पाऊणकी चालणार नाही. जीव पणाला लागणार असेल तेथे छापील भरतीचे कोष्टक पाहावे, हे आजोबाही मान्य करतील.

५. उधाण, भांग आणि झोपाळा

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, आणि सूर्याची भरतीची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी असल्यामुळे चंद्राचे काम काही अंशी फुकट जाते, हा भांग. उधाण नेमके त्या तिथीला न येता बहुधा एक-दोन दिवस उशिरा जोर करते. ज्याला खडकांवरचे जीव पाहायचे आहेत, त्याने अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावर लगेच जावे. तेव्हा भरती दुपारी आणि मध्यरात्री असते, आणि मोठी ओहोटी नेमकी सकाळी सहा-सातच्या व संध्याकाळच्या सुमारास येते. भटक्या माणसाला याहून सोयीची वेळ कोणी ठरवून दिली नसती.

आणखी एक गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. पाणी सारख्या गतीने चढत नाही. झोपाळा जसा दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतो आणि मधून वेगाने जातो, तसे पाण्याचे असते. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर, म्हणजे ३०० सेंटिमीटर आहे असे समजा. त्याचे बारा भाग करा. एक भाग २५ सेंटिमीटर. पहिल्या तासात पाणी एक भाग चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, घोट्याच्या थोडे वर. पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत ७५ अधिक ७५, दीड मीटर, गळ्याइतके! पहिल्या तासाचा अनुभव घेऊन जो निर्धास्त होतो, तो फसतो.

काही वर्षांपूर्वी असाच मी हरिहरेश्वराच्या खडकांवर साडेअकराला उतरलो होतो. पुढे हिशेब केला तेव्हा कळले, ती चतुर्थी होती. नऊच्या सुमारास ओहोटी, तीनला भरती, आणि मी नेमक्या तिसऱ्या-चौथ्या तासात तेथे. येताना ज्या घळीतून मी चपला हातात घेऊन आलो होतो, ती तासाभराने कंबरभर उसळत्या पाण्याने भरली होती. कड्याच्या कपारीला धरून, एक चप्पल समुद्राला अर्पण करून मी बाहेर पडलो. वर देवळापाशी बसलेल्या कोणी तरी मोठ्याने हसल्याचे अजून आठवते.

६. प्रदक्षिणेची वाट

म्हणून या खेपेस तृतीयेच्या सकाळी साडेसातलाच निघालो. ओहोटी आठ-सव्वाआठची होती. हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या कुशीत वसलेल्या या क्षेत्राची प्रदक्षिणा म्हणजे टेकडीतल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी समुद्राच्या पातळीपर्यंत उतरणे आणि कड्याला वळसा घालून, एरवी लाटांच्या ताब्यात असणाऱ्या खडकांवरून, पलीकडे वाळूवर निघणे होय. ही प्रदक्षिणा भरतीत होत नाही. देवानेही समुद्राची वहिवाट मान्य केलेली दिसते.

कड्याचा काळा खडक मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा झाला आहे. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, ऊन त्यांतले पाणी उडवून नेते, मीठ मागे राहते, आणि मिठाचे कण वाढताना खडकाचा कण कण सुटा करतात. लोणच्याची बरणी पुसायची राहिली की झाकणाशी मिठाची खरड धरते. तीच खरड वर्षानुवर्षे आतून रेटत राहिली तर बरणीचे काय होईल, त्याची कल्पना करावी.

पायाखाली पाहिले तर खडकावर आडवे पट्टे दिसतात. वरच्या, जवळजवळ कोरड्या भागात वाटाण्याएवढ्या गोगलगायी, कवचाचे दार लावून बसलेल्या. त्याखाली पांढुरक्या, टोकाला भोक असलेल्या छोट्या शंकूंची खरखरीत शेज. तळपाय सोलून काढतात ते हेच. हा प्राणी खेकड्याच्या गोतातला आहे; तो बालपणी पोहतो, पुढे डोके खडकाला कायमचे चिकटवून उताणा राहतो, आणि पाणी आले की पाय बाहेर काढून ते पिसासारखे हलवीत अन्न तोंडात ढकलतो. त्याखाली कालवे, आणि सर्वांत खाली, थोडाच वेळ उघड्या पडणाऱ्या भागात, निसरडे शेवाळ व डबक्यांत फुलासारखे उमललेले जीव. बोट लावले की ते आक्रसून मुठीसारखे मिटतात. कोण किती वेळ पाण्यावाचून जगू शकतो, त्यावर कोणाचे घर कोणत्या मजल्यावर, हे ठरलेले आहे.

७. वाळूवरची मंडळी

प्रदक्षिणा संपून वाळू लागली की चालणे मंदावते, कारण पाय ठेवायला जागा शोधावी लागते. बारीक खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या शेकडो गोळ्या किरणांसारख्या मांडलेल्या असतात. मी पालथा पडून एका बिळाकडे सुमारे वीस मिनिटे पाहत राहिलो. मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा खेकडा बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी ओली वाळू तोंडाशी नेऊ लागला, आणि त्यातला खाण्याजोगा अंश चोखून उरलेल्या वाळूची गोळी करून त्याने ती पायांमधून मागे सारली. मग दुसरी, मग तिसरी, लगबगीने, एखाद्या कारकुनाने टपालावर शिक्के मारावेत तशी. पुढची भरती सगळा दफ्तरखाना पुसून टाकते, आणि पुढच्या ओहोटीला काम नव्याने सुरू होते.

पाण्याच्या काठाने पक्षी होते. लहान चिलखे चार पावले धावत, थबकत, पुन्हा धावत. ते डोळ्यांनी शिकार करतात, म्हणून थांबून पाहणे त्यांना भाग असते. त्यांच्याशेजारचे तुतवार मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खुपसत चालले होते. ते स्पर्शाने शोधतात. चोचीची लांबी वेगळी, म्हणून वाळूतला थरही वेगळा, आणि एकाच काठावर पाच जातींचे पक्षी तंट्यावाचून जेवतात. कुरवांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. हिवाळ्यात या कुरवांची डोकी पांढरी असतात. फाल्गुनात काहींच्या डोक्यांवर तपकिरी टोपी चढू लागलेली दिसली. विणीसाठी लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे जाण्याची ती तयारी.

८. सावित्रीच्या पलीकडे

दुपारी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली, की वेशवी, बाणकोटचा किल्ला आणि मग मंडणगड तालुक्यातले वेळास. हीच खाडी ओलांडून श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट वेळासच्या भानूंच्या आश्रयास आले होते; पुढे एक घराणे पेशवे झाले आणि दुसऱ्यात नाना फडणीस निपजले. आज मात्र वेळासला माणसे येतात ती कासवांसाठी.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, भरतीच्या रेघेच्या वर मागल्या पायांनी घडा बसेल एवढा खड्डा खणते, शंभराच्या वर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लांची आणि तिची गाठ पुन्हा पडत नाही. अंडी उबवण्याचे काम वाळू करते, सुमारे पन्नास दिवसांत, आणि पिल्लू नर की मादी हेही वाळूच ठरवते : वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, आणि उरलेली कोल्हीकुत्री खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने येथे संरक्षण सुरू केले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, ज्यात पाहुण्यांचा मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी असतो. अंडी कुंपणाच्या आत, मूळ खड्ड्याच्याच मापाच्या खड्ड्यात ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात.

तृतीयेच्या संध्याकाळी सहाला टोपली उचलली, तेव्हा खाली सतरा पिल्ले होती. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात आणि वाट त्यांची त्यांनाच चालू देतात. दोरीच्या मागे आम्ही गप्प उभे होतो. नुकत्याच जन्मलेल्या त्या जिवाला समुद्र दिसत नसतो. जिकडे क्षितिज अधिक उजळ, तिकडे ते जाते, म्हणूनच किनाऱ्यावरचे दिवे त्याला चकवतात. एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या खळग्यात पडले, चारही वल्ही मारून दोनदा घसरले आणि तिसऱ्यांदा कडेवर आले. माझ्याशेजारच्या वहिनींनी तोवर रोखून धरलेला श्वास सोडला. ओहोटी लागलेली असल्यामुळे पिल्लांना बरेच चालावे लागले. पहिली लाट आली, तिने सात-आठ जणांना उलटेपालटे करून मागे आणून टाकले, आणि ती पिल्ले पुन्हा निघाली.

यातली फार थोडी वयात येतात. जी येतात, त्यांचा पल्ला मात्र थक्क करणारा आहे : २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली.

९. चतुर्थीची सकाळ

निघायच्या दिवशी सकाळी साडेआठला खाडीच्या तोंडाशी गेलो. चिखलात निवट्या टुणटुणत होत्या. हा मासा पाण्याबाहेरही कातडी ओली ठेवून श्वास घेतो, आणि आपल्या चिखलाच्या हद्दीत दुसरी निवटी आली की पाठीवरचा पर उभारून तिच्यावर धावून जातो. त्यामागे तिवरांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली, ओहोटीभर हवा खाणारी.

खडकांवर चार बायका कालवे फोडीत होत्या. कोयतीचा एक ठोका बिजागरीपाशी, वरचे कवच उडते, आणि टोकाने आतला मऊ गोळा उचलून भांड्यात. मी विचारले, "आज भरती तीनची ना?" त्यांतली थोरली हसली. "तीनची असंल. आमी काय तीनपर्यंत बसतो का?" ठोके चालू राहिले. साडेदहाच्या सुमारास खडकाच्या खालच्या खाचेत पाणी चुळबुळू लागले; त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. मग पाणी थोरलीच्या घोट्याला लागले, तिने कोयती कमरेला खोवली, भांडे डोक्यावर घेतले, आणि चौघी एकामागोमाग एक वर निघाल्या.